तारखांची वही : मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईला लागणारा काळ

आमच्या घरी एक वही आहे. शंभर पानी, लाल कापडी पाठीची. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली आप्पांच्या डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘कोर्टाच्या तारखा’ एवढेच लिहिलेले आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. ते छापखान्यात कंपोझिटर होते. १९८६ च्या जानेवारीत सायकलवरून घरी परतताना त्यांना ट्रकची धडक बसली आणि उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज दाखल झाला आणि तेव्हापासून ही वही सुरू झाली.

वहीतल्या नोंदी एकेका ओळीच्या आहेत. ‘साहेब रजेवर.’ ‘समन्स बजावले नाही.’ ‘विमा कंपनीचे वकील गैरहजर, मुदतीचा अर्ज मंजूर.’ ‘डॉक्टर आले नाहीत.’ ‘बोर्डावर होते, वेळ झाला.’ १९९१ साली निवाडा झाला, तोवर अशा ४७ तारखा भरल्या होत्या. एकदा बसून मी त्यांची वर्गवारी केली. न्यायाधीश रजेवर किंवा बदली झालेले, ९ वेळा. समोरच्या पक्षाने मुदत मागितली, १२ वेळा. समन्स न बजावल्यामुळे ६, डॉक्टर साक्षीला न आल्यामुळे ७, वेळ संपल्यामुळे ६ आणि आमच्या बाजूने मुदत घेतली ३ वेळा. प्रत्यक्ष काम झाले ते ४ दिवस.

माझ्याकडे कायद्याची पदवी नाही. बारावीनंतर हिशेबनिसाची नोकरी केली. कायद्याचे वाचन या वहीमुळे सुरू झाले. आमच्या गावातल्या एका वकिलांच्या पश्चात त्यांचे ग्रंथालय रद्दीत निघाले, तेव्हा न्यायनिर्णयांचे जुने खंड मी किलोच्या भावाने घरी आणले. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. अपघात एका क्षणात होतो, मग त्याचा हिशेब व्हायला माणसाचे निम्मे आयुष्य का जावे? ही केवळ आमच्या कोर्टाची सुस्ती होती, की ती कुठून तरी चालत आलेली होती? शोध घेत मी फार मागे, मोटारीच्याही आधीच्या काळात जाऊन पोहोचलो.

घोडागाडीपासून आगगाडीपर्यंत

१८०८ साली इंग्लंडमध्ये एक नवरा-बायको भाड्याच्या घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करत होते. गाडी उलटली. नवऱ्याला मुका मार लागला, बायको जबर जखमी झाली आणि महिनाभराने रुग्णालयात वारली. नवऱ्याने दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरीला सांगितले, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरपाई मागण्याजोगी इजा नाही. नवऱ्याच्या स्वतःच्या जखमा आणि बायको मरेपर्यंतच्या महिन्यात तिच्या सहवासाला तो मुकला, एवढ्याचाच विचार करा. ज्यूरीने शंभर पौंड दिले. याचा सरळ अर्थ असा, की गाडीवाल्याच्या दृष्टीने माणूस जखमी होणे महाग आणि मरणे स्वस्त होते.

याच्या जोडीला एक जुने लॅटिन सूत्र होते. वैयक्तिक इजेचा दावा त्या व्यक्तीबरोबरच मरतो, असा त्याचा आशय. म्हणजे जखमी माणूस दावा लावून निकालाची वाट बघत असताना वारला, तर दावाही संपला. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. या लेखात ते पुन्हा भेटणार आहे.

आगगाडी आली आणि एकाच अपघातात अनेक माणसे मरू लागली, तेव्हा १८४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून मृताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा हक्क दिला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली आणि दोनच वर्षांत, १८५५ साली, ‘फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट’ आला. मृताची पत्नी किंवा पती, आई-वडील आणि मुले यांना त्यामुळे भरपाई मागता येऊ लागली. पण दावा लावायचा तो नेहमीच्या दिवाणी न्यायालयात. दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी, मग कैफियत, मुद्दे, पुरावा, अपील अशी सगळी वाट जमिनीच्या दाव्यासारखीच चालायची. आणि दावा लावायला मुदत होती. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात ती एक वर्ष होती. दावा निकाली काढायला मात्र मुदत नव्हती.

ही वाट किती लांबीची होती, याचे एक उदाहरण रद्दीतल्या त्या खंडांतच सापडले. १९४७ च्या सप्टेंबरात, आजच्या तमिळनाडूत धारापुरमहून पळणीकडे जाणारी बस अपघातात सापडली. एक प्रवासी तीन दिवसांनी वारला. त्याच्या कुटुंबाचा दावा सर्वोच्च न्यायालयात अखेर निकाली निघाला तो १९६१ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यानंतर महिनाभराने घडलेल्या अपघाताचा हिशेब तिसरी पंचवार्षिक योजना सुरू होताना पुरा झाला. माणसाच्या मरणाने कुटुंबाचे किती पैसे बुडाले हे कसे मोजायचे, याबद्दल हा निकाल पुढे अनेक वर्षे आधार म्हणून वापरला गेला. त्याला लागलेली चौदा वर्षे मात्र कुणी मोजल्याचे माझ्या वाचनात नाही.

साठ दिवसांचे न्यायाधिकरण

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेसाठी विमा सक्तीचा केला. ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले १९४६ साली. आता पैसे देणारा कुणीतरी उभा राहिला होता. उरला होता तो वेळेचा प्रश्न. त्यावर उपाय म्हणून १९५६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची कल्पना आली. दिवाणी दाव्याऐवजी साधा अर्ज, संक्षिप्त चौकशी आणि पटकन निवाडा, अशी ती योजना होती.

योजना चांगलीच होती. पण कलमे नीट वाचली, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. राज्य सरकारने न्यायाधिकरण नेमलेच पाहिजे असे त्यात नव्हते. नेमता येईल, असे होते. जखमी माणसाने मात्र अपघातापासून ६० दिवसांच्या आत अर्ज केलाच पाहिजे. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाने दोन महिन्यांत कागद जमवून यायचे आणि त्यानंतर कितीही वर्षे थांबायचे. पुढे, १९७० पासून, ही मुदत सहा महिने झाली. आप्पांच्या वेळी तीच होती. जानेवारीतल्या अपघाताचा अर्ज जूनमध्ये गेला तो त्यामुळे. त्यातले दोन महिने ते अंथरुणावर होते आणि पोलीस ठाण्यातून पंचनाम्याच्या नकला मिळवायला आईच हेलपाटे घालत होती.

दुसरी अडचण दोष सिद्ध करण्याची. ट्रकचालकाची चूक होती हे दाखवल्याशिवाय भरपाई नाही. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या माणसाने साक्षीदार कुठून आणायचे? मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात अशी चूक सिद्ध करण्याची गरज नाही असे म्हटले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मत नाकारले. त्यानंतर दोनच वर्षांनी न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून भरपाई देण्याकडे कायद्याने गेले पाहिजे, असे स्पष्टपणे लिहिले. त्याच वर्षीचे त्यांच्यासमोरचे एक प्रकरण मन विषण्ण करणारे आहे. सरकारी बसखाली घरचा कमावता माणूस गेला. त्याची विधवा आणि मुलगी कोर्ट फी भरू शकत नव्हत्या, म्हणून त्यांना ती माफ झाली. या माफीविरुद्ध हरियाणा सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले! न्यायमूर्तींनी सरकारचे कान उपटले. पण तिथवर जाण्यात गेलेला वेळ त्या मायलेकींचाच होता.

१९८२ च्या ऑक्टोबरपासून कायदा बदलला. चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये आधी द्यावेत, बाकीचे नंतर पाहू, असे ठरले. जखमीच्या हाती लगेच काहीतरी पडावे, हा हेतू. आप्पांना हे साडेसात हजार मिळाले ते अर्ज केल्यावर चौदा महिन्यांनी. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : ‘रु. ७५०० मिळाले. सावकाराचे ६००० दिले.’

टक्क्यांचा हिशेब

मृत्यूच्या दाव्यापेक्षा जखमीचा दावा एका अर्थाने जास्त अवघड असतो. मृत्यूचा दाखला एकदाच मिळतो. जखम भरत राहते, चिघळते, पुन्हा शस्त्रक्रिया होते. अपंगत्व किती हे जखम स्थिरावल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे सुरुवातीचा काही काळ जाणे हे शरीराच्याच स्वभावात आहे. प्रश्न येतो तो त्यानंतरच्या वर्षांचा.

सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर आप्पांचे अपंगत्व ३० टक्के लिहिले होते. विमा कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद सरळ होता. तीस टक्के हात गेला, तर तीस टक्के कमाई गेली. पण कंपोझिटरचे काम कसे चालते? डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने व बोटांनी केसमधला एकेक खिळा उचलून तिच्यात लावायचा. अंगठा नसलेला कंपोझिटर तीस टक्के कंपोझिटर नसतो, तो कंपोझिटरच नसतो. उलटतपासणीत आप्पांना विचारले गेले, की खिळ्यांचे छापखाने तसेही बंद पडत आहेत हे खरे ना? आप्पा म्हणाले, “खरं आहे साहेब. पण अपघात झाला तेव्हा माझा चालू होता.” निवाडा झाला तोवर तो छापखाना खरोखरच ऑफसेटवर गेला होता. पाच वर्षे थांबवून ठेवलेल्या दाव्यात त्या पाच वर्षांचा उपयोग असाही होतो.

हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात उलगडून सांगितला. शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान वेगळे. हात गेलेल्या सुताराचे किंवा चालकाचे नुकसान जवळजवळ पूर्ण असू शकते, तर तसाच हात गेलेला कारकून नोकरीत टिकू शकतो. त्याच निकालात डॉक्टरांच्या साक्षीबद्दलही लिहिले आहे. डॉक्टरांना तासन्‌तास खोळंबून ठेवू नये, त्यांना सोयीची वेळ द्यावी, गरज पडल्यास कमिशन नेमून साक्ष नोंदवावी, अशा सूचना त्यात आहेत. ते वाचताना मला वहीतल्या त्या सात ओळी आठवल्या. डॉक्टर आडमुठे होते असे नाही. त्यांची ओपीडी होती आणि कोर्टात त्यांना दिवसभर बाकावर बसवले जाई.

मृत्यूच्या दाव्यांत हिशेब सोपा करण्याचा प्रयत्न २००९ च्या एका निकालाने केला. त्यातल्या अर्जदार बाईंच्या नावाने तो वकिलांमध्ये ओळखला जातो. वयानुसार किती वर्षांची कमाई धरायची याचे कोष्टक त्यात दिले आहे. पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीस वयाला १५, एक्कावन्न ते पंचावन्नला ११, असे ते उतरत जाते. या कोष्टकामुळे घासाघीस पुष्कळ कमी झाली. पण त्या प्रकरणाच्या तारखा पाहा. दिल्लीतला तो अपघात १९८८ च्या एप्रिलमधला. न्यायाधिकरणाचा निवाडा १९९३, उच्च न्यायालयाचा निकाल २००७ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००९. म्हणजे इतरांचा वेळ वाचवणारे कोष्टक त्या बाईंच्या एकवीस वर्षांतून निघाले.

वेदनेचा पैसा

आप्पांचा निवाडा १९९१ मध्ये ६२ हजारांचा झाला. त्यात ‘वेदना व यातना’ या सदराखाली ८ हजार होते. चालकाचा परवाना अवजड वाहनाचा नव्हता, हे कारण पुढे करून विमा कंपनीने उच्च न्यायालयात अपील केले. १९८८ च्या नव्या कायद्यात एक चांगली तरतूद होती. अपील करणाऱ्याने २५ हजार किंवा निवाड्याची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी भरायची. त्यातले पैसे आम्हांला १९९२ मध्ये मिळाले आणि बहिणीचे लग्न झाले. आप्पांनी आमच्या बाजूने रक्कम वाढवून मागितली. त्यातला मोठा भाग वेदनेचा होता, कारण मधल्या काळात त्यांच्या हातावर आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

१९९५ च्या श्रावणात आप्पा हृदयविकाराने गेले. दहाव्यानंतर मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “वारस लावून घेऊ. निवाडा झालाय, तेवढं कुठं जात नाही. पण वेदनेपोटी जे वाढवून मागितलं होतं, ते आता विसरा. वेदनेचा पैसा माणसाबरोबर जातो.”

ते चुकीचे सांगत नव्हते. १८०८ च्या आधीपासूनचे ते लॅटिन सूत्र १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात वेगळ्या शब्दांत बसलेले होते. अपघाताच्या जखमेमुळे मृत्यू झाला नसेल, तर वैयक्तिक इजेचा हक्क वारसांकडे येत नाही. मालमत्तेचे जे नुकसान झाले तेवढेच उरते. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले आणि आमची वेदनेची मागणी निकाली काढली. अपघातापासून सोळा वर्षे झाली होती.

तेव्हा मला या साऱ्या इतिहासातली मेख कळली. जखमी माणूस थांबतो तेव्हा त्याचे वय वाढत असते. तो मेला, तर समोरच्याचे देणे कमी होते. अशा व्यवस्थेत उशीर ही निव्वळ गैरसोय राहत नाही. उशिराला किंमत असते आणि ती एकाच बाजूच्या खिशातून जाते. कुणी मुद्दाम कट करून उशीर करत होते, असे मी म्हणत नाही. तसे करण्याची गरजच नव्हती. नुसते थांबले तरी पुरत होते.

घड्याळ कुणाच्या भिंतीवर?

यानंतर कायदा पुष्कळ बदलला, हे नोंदवणे न्यायाचे आहे. १९९४ मध्ये अर्जाची मुदतच काढून टाकली गेली. वर्षाच्या मुदतीवर थोडे दिवस झाले म्हणून ज्यांना परत पाठवले होते, अशांनाही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याचा फायदा दिला. अपघात कुठेही झाला असला, तरी आपल्या राहत्या ठिकाणी अर्ज करण्याची सोय झाली. पोलिसांनी ३० दिवसांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असेही त्याच दुरुस्तीने सांगितले. हे शेवटचे कलम अनेक वर्षे कागदावरच राहिले. २००७ आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची आठवण करून द्यावी लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर एक कालबद्ध पद्धत बसवली आणि तीच पुढे देशभरासाठी नियम म्हणून आली.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या या नियमांत पहिल्यांदाच घड्याळ इतरांच्या भिंतींवर लागले. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. अपघात कळल्यावर विमा कंपनीने अधिकारी नेमून ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा. आणि त्याच दिवशी आणखी एक छोटे पोटकलम अमलात आले, ज्याची बातमी माझ्या पाहण्यात कुठेच आली नाही. जखमी व्यक्ती वारली, तर तिचा भरपाईचा हक्क वारसांकडे जाईल. मृत्यूचा त्या जखमेशी संबंध असो वा नसो. ती ओळ मी चार वेळा वाचली. आप्पांना जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षे होत आली होती.

पण त्याच कायद्याने अर्जाची सहा महिन्यांची मुदतही परत आणली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. नियम आले म्हणून फायली हलल्या, असेही नाही. माहितीच्या अधिकारात विमा नियामकाकडून मिळालेल्या आकडेवारीप्रमाणे २०२२-२३ अखेर देशात १० लाखांहून अधिक मोटार दावे पडून होते आणि त्यांत गुंतलेली रक्कम ८० हजार कोटींच्या पुढे होती. २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली आणि ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाली. फायलींची नवी भर किती, याचा अंदाज त्यावरून करता येईल.

आणि शेवटी एक विचित्र गोष्ट. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्यासमोर जो विषय आला, तो भरपाई न मिळण्याचा नव्हता. भरपाई मंजूर झाली, पैसे न्यायाधिकरणात जमा झाले, पण ते न्यायला कुणी आलेच नाही, असा होता. पत्ते बदललेले, माणसे गेलेली, वकिलांशी संपर्क तुटलेला. अर्जदारांचे बँक खाते, आधार व पत्ते सुरुवातीलाच नोंदवून घ्यावेत, असे निर्देश न्यायालयाने दिले. उशीर फार लांबला, की देणारा तयार असतो आणि घेणाराच उरत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

आमच्या वहीची शेवटची नोंद माझ्या हातची आहे. ‘उर्वरित रक्कम व्याजासह मिळाली. आईच्या नावे ठेव.’ त्याखाली मी रेघ ओढली होती. नंतर लक्षात आले, की आप्पांच्या एकाही नोंदीखाली रेघ नाही. त्यांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी पुढची तारीख लिहिली आहे.

वाचकांना एक विनंती आहे. कोर्टांतल्या जुन्या फायली आणि रोजनामे ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. छापील खंडांत निकाल राहतात, पण त्यामधली वर्षे राहत नाहीत. ती अशा वह्यांत, दिनदर्शिकांच्या पाठकोऱ्या पानांवर आणि बस तिकिटांच्या गठ्ठ्यांत आहेत. तुमच्या घरी असे काही असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते टाकू नका. तारखा मोजा आणि लिहून ठेवा. थांबणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेला या कायद्याचा इतिहास तेवढाच आहे.